चारही भिंतींचे फोटो नीट काढा

फोटोच्या चौकटीची उजवी बाजू डावीपेक्षा मोहरीच्या दाण्याएवढी खाली होती. दाण्याएवढी म्हणजे फारच झालं, अर्ध्या मोहरीएवढी. मिलीने मान उजवीकडे कलवून पाहिली, डावीकडे कलवून पाहिली, आणि नुसत्या डोळ्यांवर विश्वास टाकणं अशास्त्रीय असल्यामुळे शेवटी पर्समधून पाणसळ काढली. बायकांच्या पर्समध्ये कंगवा, रुमाल, डोकेदुखीची गोळी असतेच. मिलीच्या पर्समध्ये त्याशिवाय बोटभर लांबीची पाणसळ असे. तिने ती चौकटीवर टेकवली. हिरव्या नळीतला बुडबुडा मधली रेघ सोडून डावीकडे जाऊन बसला.

"बघ," ती म्हणाली.

"मला तर सरळ दिसतोय," नवरा शिडीवरून म्हणाला.

"तुला दिसतोय. बुडबुड्याला दिसत नाहीये."

"उद्या उद्घाटनाला बुडबुडे येणार आहेत की माणसं?"

हा प्रश्न उत्तर देण्याच्या लायकीचा नव्हता, म्हणून तिने दिलं नाही. दोरी किंचित ओढली, बुडबुडा मधे आला, आणि जगातली निदान एक गोष्ट जागच्या जागी बसली या समाधानात ती पुढच्या चौकटीकडे वळली.

'मिली' हे तिचं माहेरचं लाडाचं नाव असावं, असा ओळखीपाळखीच्यांचा समज होता आणि तो तसाच राहावा अशी तिची इच्छा होती. खरं म्हणजे ते 'मिलीमीटर'चं लघुरूप. लग्नानंतर घरात पहिल्यांदा पडदे लावायची वेळ आली, तेव्हा तिने नवऱ्याला पडद्याचा दांडा इतक्या वेळा उतरवून पुन्हा लावायला लावला, की शेवटी त्याने हात जोडून "मिलीमीटरबाई, पदरात घ्या" म्हटलं. नाव चिकटलं. ती वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दुकानांतले तराजू खरं बोलतात की खोटं, हे ठरवायचं तिचं काम. अशा बाईच्या घरात टॉवेल दोरीवर एका बाजूला जास्त लोंबत नसतो. यात लोकांना हसण्यासारखं काय वाटतं, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

तर हे प्रदर्शन तिच्या गळ्यात पडलं ते असं. ती वाचनालयात पुस्तक परत करायला गेली होती. ग्रंथपालबाईंनी पुस्तक घेतलं आणि मिलीलाही धरून ठेवलं. सुट्टीत वस्तीतल्या मुलांना छोटे कॅमेरे द्यायचे, मुलांनी 'माझं घर' या विषयावर फोटो काढायचे, आणि ते वरच्या सभागृहात टांगायचे, अशी त्यांची कल्पना होती. "तुम्ही शास्त्राच्या आहात. भिंगाबिंगातलं तुम्हाला कळत असेल."

मिलीला किलोग्रॅममधलं कळत होतं. पण शास्त्र शिकलेल्या बाईला मिक्सरच्या दुरुस्तीपासून ग्रहणापर्यंत सगळं समजतं हा समज आपल्याकडेही आहेच. तो परक्या देशातही भेटल्यावर तिला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि ती 'हो' म्हणून बसली.

"काही नाही हो, थोडे खिळे मारायचे, एवढंच," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी कळलं, की सभागृहाच्या भिंतींना खिळे मारायला बंदी आहे.

मग छताजवळच्या लोखंडी पट्टीला दोऱ्या बांधून फोटो सोडायचे ठरलं. तोवर दुसरा नियम निघाला: फोटोत ज्याचा चेहरा दिसेल, त्याची लेखी परवानगी हवी. मोठ्यांनी यावर डोकी खाजवली. मुलं मात्र हुशार. त्यांनी चेहरेच गाळले. त्यामुळे प्रदर्शनात आल्या त्या पाठी, टाचा, केस वाळवणाऱ्या माना, टेबलाखालून दिसणारे पाय, उघड्या फ्रिजचं पोट, नळ आणि पायपुसणी. अख्ख्या प्रदर्शनात चेहरा एकच, तो एका मांजराचा; त्याच्याबद्दलही नगरपालिकेत विचारून घ्यावं असं ग्रंथपालबाईंच्या मनात होतं.

प्रत्येक फोटोखाली मुलाने सांगितलेली एक ओळ लावायची, वर इथल्या भाषेत आणि खाली त्या मुलाच्या घरच्या भाषेत, ही कल्पना खुद्द मिलीची. ती सुचली तेव्हा फार सुंदर वाटली होती. नंतर, कुठल्या कुठल्या भाषांतल्या वेलांट्या आणि टिंबं तपासता तपासता, आपल्याला सुचणं बंद कसं करता येईल याचा ती विचार करू लागली. ओळींच्या पाट्या भिंतीला पक्क्या चिकटवल्या. कोणता फोटो कुठल्या पाटीवर, यात घोळ नको म्हणून प्रत्येक फोटोच्या काचेवर आकडा लिहिलेला गोल ठिपका लावला. घोळ होणं शक्यच नव्हतं.

आता सल्ल्यांबद्दल. मिलीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काका आणि काकू हे शेजारी राहत. या देशात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती, की इथल्या प्रत्येक गोष्टीचा अनुभव त्यांना होता; ज्याचा नव्हता त्याचा सल्ला होता.

"फीत आणलीस का गं?" काकूंनी जिन्यातच गाठून विचारलं.

"फीत कशाला काकू? साधंच आहे सगळं."

"मग उद्घाटन झालं हे कळणार कसं? दार तर रोजच उघडं असतं."

मिलीने नवऱ्याला फीत आणायला सांगितली. काकूंचं म्हणणं खोडून काढण्यापेक्षा फीत स्वस्त पडते.

या सगळ्या धांदलीच्या खाली एक निराळीच काळजी सबंध महिना तिच्या पोटात घर करून होती. ती काळजी म्हणजे बाबा, तिचे सासरे.

सासूबाई गेल्यावर बाबा इकडे 'हवापालटाला' आले होते. जन्मभर टपाल खात्यात नोकरी केलेले, शिस्तीचे, कमी बोलणारे गृहस्थ. मिलीने त्यांच्या खोलीतलं कपाट रिकामं करून, पुसून, आत कागद अंथरून ठेवलं होतं. ते तसंच कोरं राहिलं. बाबांचे कपडे कॉटखालच्या बॅगेत. रोज सकाळी बॅग ओढायची, एक सदरा काढायचा, चेन लावायची आणि बॅग परत आत ढकलायची. फलाटावर बसलेला माणूस जसा सामानावर एक हात ठेवून असतो, तसे ते त्या घरात राहत.

"बाबा, आता इथेच राहा की कायमचे," नवरा जेवताना म्हणे.

"बघू."

"राहायच्या परवान्याची मुदत संपत आलीय. शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायला हवा."

"बघू."

आता 'बघू' म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. असा काटा कुणी तपासणीला आणला असता, तर मिलीने तो नापास केला असता. हलतो आहे, पण थांबत कुठेच नाही.

आणि काटा का थांबत नाही, याबद्दल तिचा एक संशय होता. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात बाबांनी दोरीवर टॉवेल वाळत घातला होता, आणि तिने जाता जाता, सवयीने, त्याची दोन्ही टोकं सारखी केली होती. वळून पाहिलं तर बाबा दारात उभे. त्या दिवसापासून त्यांचा टॉवेल त्यांच्याच खोलीत, खुर्चीच्या पाठीवर वाळू लागला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे तिला कळत होतं. तरी तो काढला गेला होता: आपल्या घरात या माणसाला अंग मोकळं करून बसता येत नाही, आणि त्याचं कारण आपण आहोत.

त्यात लेकीने भर घातली. भिंगरी हे लेकीचं घरातलं नाव. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून पडलेलं. भिंगरीने प्रदर्शनासाठी काढलेला फोटो बॅगेचा होता. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन, कॉटखालून अर्धी बाहेर आलेली उघडी बॅग आणि आत घडीवर घडी ठेवलेले सदरे. खाली तिने सांगितलेली ओळ: 'आजोबांचं कपाट.' बाबांनी तो अजून पाहिलेला नव्हता. त्यांना काय वाटेल या धास्तीने मिलीने तो दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी टांगला होता.

उद्घाटन गुरुवारी संध्याकाळी. अर्जाची मुदत शुक्रवारी.

गुरुवारी दुपारी ती प्रयोगशाळेत असताना ग्रंथपालबाईंचा फोन आला. अग्निशमन खात्याचा शिक्का राहिला होता. अधिकाऱ्यांनी भिंती पाहिल्याशिवाय तो मिळणार नव्हता, आणि अधिकाऱ्यांचा गुडघा दुखत असल्यामुळे ते भिंती पाहायला येणार नव्हते. मिली धावत वाचनालयासमोरच्या नगरपालिकेच्या इमारतीत गेली. खिडकीमागचे साहेब शांत होते. ज्याच्या हातात शिक्का असतो तो नेहमीच शांत असतो.

"चारही भिंतींचे फोटो दाखवा," साहेब म्हणाले. "दारं, वाटा मोकळ्या आहेत असं दिसलं की शिक्का मारतो. नाही दिसलं, तर कुलूप."

वाचनालयात बाबा आणि काका भाड्याच्या खुर्च्या उतरवून घ्यायला बसले होते. मिलीने बाबांना फोन लावला.

"बाबा, अग्निशमनवाले अडून बसलेत. वर सभागृहात जा आणि चारही भिंतींचे फोटो काढा."

बाबांनी खात्री करून घेतली. "सगळे?"

"सगळे. एक भिंत सुटायला नको."

"अगं, पण संध्याकाळी पाहुणे येणार ना?"

"म्हणूनच तर! ते यायच्या आत काढायला हवेत. नाहीतर कुलूप लावतील म्हणे."

बाबांनी मोठा उसासा टाकला. "इतकी मेहनत केलीस गं तू. बरं. काका शिडी धरतील, मी काढतो."

शिडी कशाला, असं मिलीच्या मनात आलं. मग वाटलं, उंचावरून अख्खी भिंत मावते, हे बाबांच्या बरोबर लक्षात आलं. तिला कौतुकच वाटलं.

"सावकाश काढा. हात हलू देऊ नका."

"छे छे, दोन्ही हातांनी धरीन."

"आणि काढले की माझ्याकडे पाठवा. साहेबांना दाखवायचेत."

"तिकडे? सगळे एकदम नाही जायचे गं."

"मग थोडे थोडे पाठवा," मिली म्हणाली. वाचनालयातल्या नेटवर्कची तिलाही कल्पना होती.

ती बाकावर बसली. फोन हातात. एकही फोटो येईना. तिने फोन बंद करून चालू केला, खिडकीशी नेला, हवेत उंच धरला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला. माणसाचा धीर खचावा म्हणून कचेऱ्यांतून जे काही करतात, त्यात ड्रॉवरचा आवाज सर्वांत परिणामकारक.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि वाचनालयाची पुस्तकं वाहायची ट्रॉली ढकलत काका बाहेर आले. ट्रॉलीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले, सुतळीने उभेआडवे बांधलेले गठ्ठे. गाठी अशा, की बघत राहावं. टपाल खात्याच्या गाठी.

"ही पहिली खेप," काका धापा टाकत म्हणाले. "बाबा म्हणाले, पोच घेऊन ये."

मिलीने वरच्या गठ्ठ्याचा कागद बोटाने उचकून आत पाहिलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"फोटो," काका अभिमानाने म्हणाले. "आपल्या हुकुमाप्रमाणे. बाकीचे बांधून होताहेत."

साहेबांच्या सबंध नोकरीत त्यांचं म्हणणं इतकं मनापासून कुणी ऐकलं नसावं. ते उठले. गुडघा धरत, कुणालाही न जुमानता रस्ता ओलांडून स्वतः वाचनालयाचा जिना चढले. सभागृहाच्या दारात उभं राहून त्यांनी चारही भिंतींवरून नजर फिरवली. भिंतींवर रिकाम्या दोऱ्या लोंबत होत्या आणि त्यांच्याखाली कशाबद्दल आहेत हे न कळणाऱ्या ओळी.

"उत्तम," साहेब म्हणाले. "वाटा मोकळ्या, दारं मोकळी. इतकं सुरक्षित प्रदर्शन मी आजवर पाहिलेलं नाही." आणि तिथल्या तिथे शिक्का मारला. "आता काय हवं ते लावा. फक्त दारावरचा दिवा झाकू नका."

सभागृहाच्या मधोमध गठ्ठ्यांचे मनोरे होते आणि त्यांच्या शेजारी, बाह्या दुमडून, बाबा बसले होते. दमलेले, पण कर्तव्य बजावलेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

"एकही सोडला नाही," ते म्हणाले. "आणि काचांवर कुणीतरी आकड्यांचे ठिपके चिकटवून ठेवले होते. तेही खरवडून काढले. चिकट राहिलं होतं ते ओल्या फडक्याने पुसलं."

मिली खाली बसली. नेमकी खुर्चीवर बसली हा योगायोग.

"बाबा, मी म्हटलं फोटो काढा."

"मग? काढले की."

"काढा म्हणजे काढा नव्हे हो! काढा म्हणजे," आणि तिने डोळ्यासमोर दोन्ही हात धरून बोटाने खटका दाबला.

बाबांनी त्या बोटाकडे पाहिलं. गठ्ठ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "अरे देवा," ते म्हणाले. "अगं, मग 'घ्या' म्हणायचं!"

"फोटो काय घेतात? काढतात!"

"टांगलेलासुद्धा काढतातच की गं!"

"यात चूक कुणाचीच नाही," मागून आलेल्या काकूंनी निवाडा दिला. "चूक भाषेची आहे. म्हणून तर मी दातांच्या डॉक्टरांसमोर कधी दात काढत नाही. त्यांनी भलताच अर्थ घेतला म्हणजे?"

हसायला कुणाला वेळ नव्हता. नवरा फीत घेऊन आला, त्याला शिडीवर चढवलं. ग्रंथपालबाई गठ्ठे सोडू लागल्या. पण टपाल खात्याच्या गाठी त्या, सहजासहजी कशा सुटतील? वाचनालयातल्या एकुलत्या एक कात्रीवर सगळ्यांची झुंबड. कोणता फोटो कुठला, हे मिलीला तोंडपाठ होतं, पण तिला तोंड एक आणि समोर हात अनेक. इकडे ती "टाचा खिडकीजवळ!" म्हणेपर्यंत तिकडे काकूंनी टाचा फ्रिजच्या जागी नेलेल्या असत. काकूंची स्वतःची पद्धत होती: मोठे मधे, छोटे कडेला, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं. नवरा हाताला येईल तो टांगत होता. काका पाट्या वाचून लावू म्हणाले, पण त्यांचा चष्मा घरी होता. आणि पाट्या वाचूनही काय कळणार? 'आत दिवा आहे, पण दार उघडल्याशिवाय लागत नाही' यावरून फ्रिज ओळखायला तो फोटो घेणाऱ्या, म्हणजे काढणाऱ्या, मुलाचंच डोकं हवं.

बाबा दोऱ्या देत होते. मधेच खालच्या आवाजात म्हणाले, "मिली, तुझं सरळ लावलेलं मोडायला माझ्या जिवावर येतं गं. दोरीवर तुझी कपड्यांची रांग कशी आखल्यासारखी असते. ती बिघडू नये म्हणून टॉवेलसुद्धा मी खोलीत घालतो. आणि आज बघ, चार भिंती मोडून बसलो."

मिलीच्या हातातली दोरी थांबली. म्हणजे टॉवेलचा निष्कर्ष साफ चुकला होता. आपलं मोजमाप चुकलं याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. ती काहीतरी म्हणणार, तोच काकू ओरडल्या, "आल्या! फीत कापायला नगरसेविकाबाई आल्या!"

आल्या त्या एकट्या नव्हत्या. मागून मुलं, मुलांमागून आईबाप, आणि सगळे जिन्यातून थेट आत. फीत बांधायची राहिलीच होती. काकूंनी ती घाईने दाराला आतून बांधली. त्यामुळे नगरसेविकाबाईंनी ती आत उभं राहून बाहेरच्या दिशेने कापली. काटेकोर बोलायचं तर त्यांनी जिन्याचं उद्घाटन केलं. टाळ्या पडल्या.

मिली पहिल्या फोटोकडे वळली. मांजराचा फोटो. खाली नळाची ओळ: 'नीट पिळला नाही तर रात्रभर गळतो.'

नगरसेविकाबाईंनी ती मोठ्याने वाचली. मांजराकडे पाहिलं. पुन्हा वाचली. मग एक मुलगी फिसकन हसली, तिच्या मागे दुसरी, आणि सगळं सभागृह. मिली पाणसळ हातात धरून खुलासा करायला पुढे झाली, पण ग्रंथपालबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "काही बोलू नका," त्या कानात म्हणाल्या. "वाचनालयात माणसं हसताना मी पहिल्यांदा ऐकतेय."

पुढचा फोटो कुणाच्या तरी वडिलांच्या पाठीचा. रुंद पाठ, घामाने भिजलेला सदरा, टेबलाशी एकटेच बसलेले. खाली: 'आत दिवा आहे, पण दार उघडल्याशिवाय लागत नाही.' इथे कुणी हसलं नाही. गर्दीतल्या एका बाईंनी शेजारच्या रुंद पाठीच्या गृहस्थांकडे पाहिलं आणि त्यांना कोपराने ढोसलं. गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. त्यांची लेक मिलीजवळ आली.

"ही ओळ माझी नाहीये," ती म्हणाली.

"माहितेय बाळा, चूक झालीय, आत्ता बदलते—"

"नको. राहू दे ना."

मिलीने पाणसळ पर्समध्ये टाकली.

अशी ती वरात भिंतीभिंतीने, हसत आणि मधेच गप्प होत, दाराजवळच्या कोपऱ्यापाशी आली. कोपऱ्यात बॅगेचा फोटो होता. सकाळचं ऊन, कॉटखालून अर्धी ओढलेली बॅग, घडीवर घडी सदरे. आणि खाली 'आजोबांचं कपाट.' चारही भिंतींत एवढा एकच फोटो आपल्या ओळीवर बरोबर बसला होता. तो काकूंनी लावलेला नव्हता आणि नवऱ्यानेही नाही. मिलीच्या लक्षात आलं: सबंध सभागृहात मराठी पाटी एवढी एकच होती. बाबांना वाचता येण्यासारखी. चौकट चांगली वाकडी होती. मोहरी नव्हे, चक्क वाटाण्याएवढी. मिलीने तिला हात लावला नाही.

"ही तर बॅग आहे," नगरसेविकाबाई म्हणाल्या. "कपाट कुठाय?"

"हेच कपाट," भिंगरी एका पायावर गिरकी घेत म्हणाली. "खरं कपाट आईने रिकामं केलंय, पण त्यात आजोबा काही ठेवत नाहीत. ते 'बघू' म्हणतात."

'बघू' तिने मराठीतच म्हटलं. नगरसेविकाबाईंनी भुवया उंचावल्या आणि मिलीच्या नवऱ्याला अर्थ विचारला. इथल्या भाषेत इतकं काही एकाच शब्दात न सांगण्याची सोय नव्हती. "म्हणजे पाहू या. म्हणजे, नंतर. म्हणजे, तसं नक्की काही नाही," तो म्हणाला. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या.

"अच्छा, हे आजोबा!" नगरसेविकाबाईंनी हसून हात पुढे केला. "मग किती दिवस मुक्काम?"

नवऱ्याने प्रश्न मराठीत केला, आणि उत्तर पाठच असल्यामुळे बाबांची वाट न पाहता त्याचं भाषांतरही सुरू केलं.

"थांब रे," बाबा म्हणाले. "मी अजून बोललेलो नाही."

ते फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

"भिंगरे, हा कधी काढलास?"

"तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा. रागावलात?"

"छे गं." त्यांनी चौकटीच्या वाकड्या कडेवरून बोट फिरवलं. "दुपारी भिंतीवरून काढला, आणि हातात धरून नुसता बसून राहिलो. काकांना वाटलं, दमलो. माझी बॅग एवढी चांगली दिसते, हे मला कुठे माहीत होतं? मी आपला महिनोन् महिने बघू, बघू करत बसलो. बघितलं ते हिने."

काकूंजवळ या क्षणासाठी सल्ला नव्हता.

"मिली," बाबा वळून म्हणाले, "उद्या सकाळी बॅगेतले कपडे काढावे म्हणतो."

मिलीचे डोळे भरून आले होते. पण आजच्या दिवसात तिने एकदा हात पोळून घेतलेला होता.

"काढावे म्हणजे नक्की काय, बाबा?" तिने विचारलं. "फोटो काढायचे, की बाहेर काढायचे?"

"बाहेर काढायचे. कपाटात लावायचे. बॅग माळ्यावर टाकायची." बाबा क्षणभर थांबले, आणि मग एकेक शब्द सुटा करून, दूरच्या माणसाला तार वाचून दाखवावी तसे म्हणाले, "पुन्हा ट्रॉली यायला नको म्हणून स्पष्टच सांगतो. मी इथेच राहतोय."